गळ टाकल्यावर बोलायचं नाही

१३ ऑक्टोबर, रविवार

जावई सहा महिन्यांसाठी परदेशी गेले आणि त्यांची पिवळी कयाक माझ्या पदरात पडली. बावधनच्या त्यांच्या सोसायटीत सेक्रेटरीने भुणभुण लावली होती, पार्किंगमधून ती हलवा म्हणून. रोहिणी म्हणाली, "बाबा, तुम्ही न्या मुळशीला. तुमचा आणि गोमाकाकांचा जीव रमेल." मी आधी नाक मुरडलं. दोन माणसांची प्लास्टिकची होडी, रंग असा की लांबून खेळणंच वाटावं. पण आज टेम्पोत घालून गोमाच्या अंगणात नेऊन ठेवली आणि खरं सांगायचं तर मला हरखल्यासारखं झालं.

गोमाचं घर वाडीच्या टोकाला, धरणाच्या पाण्याला लागून. मी कारखान्यात फिटर म्हणून लागलो त्या वर्षी याच काठावर त्याची माझी गाठ पडली. तेव्हापासूनचे रविवार आम्ही दोघांनी इथंच काढलेत. कारखाना सुटला, उरवड्याचं घर सोडून भूगावच्या फ्लॅटात आलो, तरी तो मला फिटरच म्हणतो.

कृष्णावहिनींनी कयाकला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. "भावजी, होडगं लई गुळगुळीत हाय. पडाल बरं का," म्हणाल्या. मी म्हटलं, मुळा नदीत म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकलोय मी. लाईफ जॅकेट गोमाला दिलं, माझं अंगणातच ठेवलं.

आमचा नियम एकच. गळ पाण्यात पडला की तोंड बंद. कसला मासा होता, कसा सुटला, ते सगळं गळ बाहेर आल्यावर. खोकला आला तर वर बांधावर जाऊन खोकायचं. गोमाच्या बापाचा नियम, आणि त्याने तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. दुसरे लोक काठावर येऊन मोबाईलवर गाणी लावतात आणि मासे त्यांनाच जास्त लागतात, ही गोष्ट वेगळी. पण गोमाच्या शेजारी गप्प बसणं हे माझं हक्काचं सुख आहे. असं गप्प मला घरातसुद्धा बसता येत नाही.

आज पहिल्यांदाच त्या बुडालेल्या झाडांपर्यंत गेलो. काठावरून तिथवर गळ कधी पोचलाच नव्हता. पुढची जागा मी घेतली. होडी माझी म्हटल्यावर पुढं कोण बसणार? डाव्या अंगाला दोनदा खुंटांवर आपटलो. मेलं ते लाकूड, रंगसुद्धा पाण्याचाच. चार-पाच चिलापी मिळाल्या. वहिनींनी तिथंच तळल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

मूड गेला. पिरंगुटच्या चौकात एक टेम्पो कुठून तरी उगवला आणि माझ्या स्कूटरला घासून गेला. वर ड्रायव्हरच शिव्या देतो! माणसं गाडी चालवतात की आभाळातून टाकतात तेच कळेनासं झालंय. घरी सांगितलं नाही. साधना लगेच बसने जा म्हणून मागे लागली असती.

गोमाकडे वहिनींनी चहा आणून ठेवला आणि माझा पाय लागून कप लवंडला. मी बोललो, चहा काय असा पायात ठेवतात? वहिनींनी दुसरा कप आणला तो मात्र हातात दिला, आणि मी धरेपर्यंत सोडला नाही. एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं त्यात?

३ नोव्हेंबर, भाऊबीज

रोहिणीने दारात काढलेली रांगोळी माझ्या पायाखाली गेली. अर्धा मोर माझ्या टाचेला चिकटून दिवाणखान्यात आला. मी वैतागलो, "वाटेत मधोमध काढतात का?" साधना म्हणाली, "अहो, कोपऱ्यात काढलीय ती." मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग सुरू झालं, डोळे तपासून घ्या, डोळे तपासून घ्या. माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय? चष्मा दुकानात जाऊन गेल्याच वर्षी बदललाय. पेपर तारखेपासून खालच्या बारीक छापील ओळीपर्यंत वाचतो. गळाच्या नाकात नायलॉनचा तंगूस एका झटक्यात ओवतो, तोंडाने ओलं न करता. फिटर माणूस आहे मी. आयुष्यभर केसाएवढी फट डोळ्यांनी पकडली. सणासुदीला आवाज चढवायचा नव्हता, पण चढला.

१७ नोव्हेंबर, रविवार

गोमाला काय झालंय कळत नाही. आज गळ टाकलेला असताना तो बोलला.

आधी मला वाटलं चुकून तोंडातून गेलं असेल. "डाव्या हाताला खुंट हाय," म्हणाला. मी वळून बघितलं, खुंट होता. ठीक. मग थोड्या वेळाने, "उजवीकडं बगळा बसलाय बघ." पुढे, "त्या तितं फांदी वाकलीया, मान खाली घे." मी नुसतं वळून डोळे वटारले. तर हा बाबा माझ्याकडे बघून हसतोय, आणि परत, "वारं सुटलंय रं, डावीकडनं लाट येतीया." मला लाट दिसत नव्हती का? आलीच की नंतर, नाकासमोर.

आणखी एक. माझी काठी डाव्या बाजूच्या भोकात खोचलेली असते, तिच्या शेंड्याला त्याने न विचारता घुंगरू बांधलंय. शेळीच्या गळ्यातलं! म्हणे, "मासा लागला की वाजंल." अरे, शेंडा हलला की मला दिसतो ना! पूर्वी बांधत होतो का आपण घुंगरू? तो म्हणाला, "म्हातारपन आलं आता, फिटर. माझ्या सोईसाठी बांधलंय." स्वतःच्या सोयीसाठी माझ्या काठीला?

परतताना म्हणाला, पुढच्या खेपेला मी पुढं बसतो, मागं बसून माझी कंबर धरते. कयाकमध्ये पुढं काय आणि मागं काय, कंबर सारखीच वाकते. पण कंबरेचं नाव काढल्यावर नाही कसं म्हणायचं?

२४ नोव्हेंबर, रविवार

पुढं गोमा बसला. तोंडाचा पट्टा सुरू. आकाशवाणी बरी, तिला बंद तरी करता येतं. खुंट, दगड, पाणकोंबडी, पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायका, लाल लुगडं, हिरवं लुगडं. हा माणूस एका जागी सबंध सकाळ दगडासारखा बसायचा. मासा लागला तरी नुसती भुवई उडवून सांगायचा मला. ती भुवई बघायला मी पिरंगुटचा घाट ओलांडून यायचो.

वाडीत उतरायच्या वाटेवर दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना फासलाय. पांढरेफटक. मी वहिनींना विचारलं, वाडीत लग्न आहे का? तर म्हणाल्या, "व्हय, तुमचंच हाय. नवरी बघून ठिवलीया." आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. हसत होत्या की काय कोण जाणे.

गोमा आजकाल मला घ्यायला वर डांबरी रस्त्यापर्यंत येतो. विडी आणायला आलो होतो म्हणतो. मग उतारावर माझ्यापुढे चालतो, बारीक पावलं टाकत, नवरीच्या करवलीसारखा.

लिहू का नको असं झालंय, पण वही माझीच आहे. मला वाटतं, त्याचा कयाकवर डोळा आहे. शनिवार-रविवार पुण्याची पोरं येतात, पाण्यात फिरवून आणा म्हणून मागे लागतात. वाडीतल्या कोणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं असेल. पुढं बसून तो वल्हवायला शिकतोय, वाटा पाठ करतोय, मोठमोठ्याने घोकतोय. मार्चमध्ये जावई परत येतील तेव्हा म्हणेल, राहू दे आता हितंच. एवढ्या वर्षांच्या सोबतीनंतर मी असा विचार करावा याची लाज वाटते. पण विचार येतोय त्याला काय करू?

१ डिसेंबर, रविवार

आज झालं ते वाईट झालं, पण कधीतरी होणारच होतं.

पाणी उतरलंय. बुडालेल्या झाडांची टोकं वर आलीत. तिथंच मरळ लागली. मोठी, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत नक्की. घुंगरू वाजलं, मी काठी ओढली, आणि गोमा बोंबलायला लागला, "डावीकडं! फिटर, डावीकडं चालली, खुंटाकडं! अरं तुझ्या डावीकडं!" इतका आरडाओरडा की मी भलतीकडेच ओढ दिली. तंगूस खुंटाला गुंडाळला, तुटला. मरळ गेली.

मग मी तोंड सोडलं. म्हटलं, तुझ्या बापाचा नियम तूच मोडलास. म्हटलं, एवढी वर्षं तुझ्याजवळ बसलो ते तू गप्प बसतोस म्हणून बसलो. म्हटलं, कयाक पाहिजे असेल तर सरळ तोंडाने माग, हे पुढं बसायचं नाटक नको. आणि शेवटी म्हटलं, तोंड बंद ठेव.

गोमाने वल्हं मांडीवर ठेवलं. "बरं," म्हणाला. एवढंच. काठाला लागेपर्यंत एक अक्षर नाही. चुन्याच्या दगडांपाशी तो थांबला, मी स्कूटरला किक मारली तरी तिथंच उभा होता.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. साधनाने विचारलं, गोमाभावजी बरे आहेत ना? मी म्हटलं, त्याला काय होतंय.

९ डिसेंबर, सोमवार

कालचं आज लिहितोय.

काल दुपारी गेलो तर गोमा ओट्यावर बसून जाळं शिवत होता. "आज न्हाई येत मी," म्हणाला. मान वर केली नाही. मी म्हटलं, नको येऊस. मला काय, हात आहेत. वहिनी लाईफ जॅकेट घेऊन मागे धावत आल्या, "भावजी, हे तरी घाला." मी नाही घेतलं. एकट्याने कयाक ओढली, बसलो, निघालो. पाणी शांत होतं. कोणी खुंट म्हणत नव्हतं, बगळा म्हणत नव्हतं. मनात म्हटलं, हे असंच पाहिजे होतं मला.

झाडांत गळ टाकून बसलो. एकही ओढ नाही. सूर्य डोंगराआड गेला तसा निघायचं ठरवलं, वळलो, आणि डाव्या अंगाने काहीतरी येऊन धाडकन आदळलं. म्हणजे मीच आदळलो. कयाक उलटली.

थंड पाण्यात डोकं वर काढलं. कयाक हाताला लागली, तिला धरून राहिलो. पोहता येत होतं, त्याची भीती नव्हती. पण काठ कुठं आहे तेच कळेना. समोर बघावं तर थोडंसं पाणी, मान वळवावी तर दुसरं थोडंसं पाणी, त्याच्या कडेला सगळं करडं. मोरीच्या पाइपातून बाहेर बघावं तसं. इतकं पाणी माझ्या ओळखीचं, आणि त्यात मला वाट सापडेना. मी घाबरलो. स्पष्ट लिहितो, मरणाचा घाबरलो. आईला हाक मारली मी, या वयात.

आणि गोमाचा आवाज आला. "फिटर! हालू नगंस! आईक मी काय सांगतो."

तो काठावरून बघतच होता. मी निघाल्यापासून बघत होता, वहिनींनी नंतर सांगितलं. "होडगं सोडू नगं. आता माझ्या आवाजाकडं तोंड कर. हां. उजव्या हाताला खुंट हाय, हात लाव त्याला. लागला? आता त्याला मागं टाक. पाय मार. अजून. डावीकडं जातुयास, माझ्याकडं ये, माझ्याकडं." मी आवाजाच्या मागे पाय मारत राहिलो. तो ट्रकच्या ट्यूबवर बसून पाण्यात उतरला होता, आवाज जवळ जवळ येत होता आणि एक क्षण बंद पडला नाही. मला वाटतं, श्वाससुद्धा त्याने बोलतच घेतला. मग त्याच्या हाताने माझी कॉलर धरली.

काठावर वहिनींनी चूल पेटवली, गोधडी गुंडाळली. गोमा माझ्या शेजारी बसला, डावीकडे. मी विस्तवाकडे बघत होतो.

"फिटर," तो म्हणाला, "ही बोटं किती?"

"कुठली बोटं?" मी म्हटलं.

मी मान वळवली तेव्हा त्याचा हात माझ्या कानाजवळ होता, तीन बोटं वर. तो त्याने हळूच खाली घेतला.

वहिनी चुलीपाशी रडायला लागल्या. "दिवाळीच्या आधीपासनं म्हनतीया मी ह्यास्नी, भावजींना सांगा, दवाखान्यात न्या. तर हे म्हनत्यात, त्याला सांगून पटायचं न्हाई. आनि पटलं तर त्यो यायचा बंद हुईल."

तिथं बसल्या बसल्या मला सगळं एकदम कळलं. घुंगरू, चुना, हातात दिलेला कप, विडी आणायला वर येणं. मी गोमाकडे बघू शकलो नाही. "कयाक पाहिजे असेल तर" म्हणालो होतो मी त्याला. त्याने ते ऐकून घेतलं आणि वर मला पाण्यातून ओढून काढलं.

स्कूटर वाडीतच राहिली. रोहिणी गाडी घेऊन आली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काचबिंदू. नाव ऐकलेलं होतं, अंगावर आल्यावर कळलं. यंत्राच्या कटोऱ्यात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कडेला कुठं प्रकाश चमकला की बटण दाबायचं. मी बटण धरून बसलो, वाट बघत. मला वाटलं यंत्र अजून सुरूच व्हायचंय. यंत्रावरच्या बाईंनी खांद्याला हात लावून सांगितलं, काका, एक डोळा झाला, आता दुसरा.

डॉक्टर भले होते. म्हणाले, बाजूची नजर आधी जाते, दुखत नाही, म्हणून कळत नाही. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं. गेलेली परत येत नाही. आहे ती थेंबांनी राखता येईल, बहुतेक. मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" ते म्हणाले, "नियमाने थेंब घाला. आणि गाडी चालवायची नाही."

साधना काही बोलली नाही. मी तुम्हाला सांगत होते, एवढंसुद्धा नाही. ती बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं. घरी येऊन स्कूटरची किल्ली मी तिच्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवली आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. स्कूटरसाठी नाही. त्या टेम्पोवाल्याच्या जागी एखादं माणूस पायी चालत असतं तर? आणि पाण्यासाठी. आता मला पाण्यावर कोण नेणार, आणि कशाला?

२९ डिसेंबर, रविवार

गेलो नाही. गोमाला फोन लावून दोनदा कट केला. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला. "त्ये काठावर बसल्यात," म्हणाल्या. "गळ टाकलाय?" "न्हाई. नुसतंच बसल्यात."

५ जानेवारी, रविवार

रोहिणीने गाडीने सोडलं. डांबरी रस्त्यावर गोमा उभा होता. विडीचं नाव आज त्याने काढलं नाही. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलेलं सगळं विसरलो. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "चल, ऊन चढतंय." आणि पुढे चालायला लागला, बारीक पावलं टाकत. चुना नवा लावलेला होता.

मी आपण होऊन मागे बसलो, लाईफ जॅकेट घालून. वहिनींनी त्याचे बंद स्वतः ओढले. आम्ही दोघांनी गळ टाकले.

गोमा गप्प होता. पूर्वीसारखा, पाठ ताठ, दगड. मी वाट बघत होतो. बराच वेळ गेला तरी त्याने तोंड उघडलं नाही तेव्हा माझ्या लक्षात आलं, मीच त्याचं तोंड बंद केलंय, आणि तो माझा शब्द पाळतोय. त्या दिवशी बुडत होतो ते वेगळं होतं. आता गळ पाण्यात होता.

एवढी वर्षं याच शांततेसाठी आलो, आणि आज तिच्यात मला धडधडायला लागलं. डावीकडे काय आहे, काही आहे का, मला माहीत नव्हतं.

"गोमा," मी म्हटलं.

त्याची मान वळली. गळ टाकलेला असताना मी त्याला पहिल्यांदाच हाक मारत होतो.

"डावीकडं काय आहे?"

त्याने बघितलं. "काय न्हाई," म्हणाला. "नुसतं पानी."

"मग पाणी सांग."

त्याची भुवई हलली, मासा लागल्यावर हलायची तशी. मग त्याने घसा खाकरला आणि सांगायला लागला. काठाजवळ पानी हिरवं हाय, म्हणाला, मग जरा पुढं काळं, तितं खोल असंल. वाऱ्यानं बारीक सुरकुत्या पडल्यात. एक पान चाललंय वाहात, पिवळं हाय, पिंपळाचं असंल, पर पिंपळ हितं कुटं न्हाई, लांबनं आलं असंल ते. मी ऐकत होतो. घुंगरू वाजलं तरी त्याने सांगणं थांबवलं नाही आणि मी काठीला हात लावला नाही.